लग्नाआधीची निरवानिरव

मी, अरुणा सूर्यकांत केळवकर, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय आधी वकिली, मधे एक मुदत आमदारकी, मग तेवीस वर्षं न्यायाधीशी आणि सध्या लग्नाची तयारी, राहणार स्कारबरो, ऑन्टारियो, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही दबावाखाली न येता आणि चहाचा दुसरा कप संपवून हे मृत्युपत्र करते आहे. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यातलं दुसरं मी निवडणूक हरले त्या आठवड्यात केलं होतं. ते सापडलंच तर न वाचता फाडावं.

शुद्धीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण माझी मुलगी गौरांगी हिला शंका आहे. परवा फोनवर ती म्हणाली, "आई, यू आर सेव्हंटी-एट. आणि तू माझ्याशी बोलताना मधेच गुणगुणत होतीस. आर यू ओके?" मी ओके आहे. येत्या शनिवारी, एकोणतीस नोव्हेंबरला, सकाळी सव्वाअकरा वाजता माझं लग्न आहे, आणि तोंडातून आपोआप गाणं बाहेर पडतं, त्याला मी तरी काय करू? तरी सावधगिरी म्हणून डॉक्टरांचा दाखला आणला आहे, तो सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. मी विचारलं, सव्वाअकरा दाखवले तर चालतील का, मुहूर्त आहे. ते हसले आणि त्यांनी मला पूर्ण गुण दिले. माझ्या कोर्टात एखादी बाई इतक्या खुशीत येऊन उभी राहिली असती तर मीही तिला दोन प्रश्न जास्तच विचारले असते, हे कबूल. पण खूश असणं म्हणजे डोकं ठिकाणावर नसणं नव्हे, असा निर्णय मी या परिच्छेदात देते आहे आणि त्यावर अपील नाही.

कलम १. हा कागद आजच का

गौरांगीची अट आहे म्हणून. ती म्हणते, "पप्पांचं घर आहे ते. आधी पेपरवर आण. मग मी लग्नाला येते की नाही ते सांगते." मुलगी माझी आहे. माझ्यापुढे उभा राहिलेला एकही वकील इतक्या स्वच्छ शब्दांत बोलला नाही.

पूर्वी ऑन्टारियोत लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द व्हायचं. काही वर्षांपूर्वी तो कायदा बदलला. त्यामुळे आज गुरुवारी केलेला कागद शनिवारी अक्षता पडल्यावरही उभा राहतो. आज सकाळी अकराला गौरांगी नॉर्थ यॉर्कहून येईल, हे वाचेल, आणि मग तिच्यासमोर सह्या होतील.

मला तिच्याकडून काय हवं आहे तेही इथेच लिहिते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. आमच्याकडे लग्नात नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. माझे तीनही मामा कधीच वर गेले. एकुलता एक भाऊ होता, तोही गेला. गुरुजी म्हणाले, या वयात मामाशिवाय चालेल, शास्त्रात सूट आहे. मला सूट नको आहे. मला माझ्या पाठीशी गौरांगी हवी आहे. तिला मी तीन आठवड्यांपूर्वी विचारलं. तिने निकाल राखून ठेवला आहे.

कलम २. हे टाइप का केलं, आणि साक्षीदार

कायदा असा आहे की मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली, तर साक्षीदार लागतच नाहीत. पण माझं अक्षर सबंध प्रांतात एकाच माणसाला लागतं आणि तो माणूस कलम सहामध्ये येतो. म्हणून मी हे टॅबलेटवर एका बोटाने टाइप केलं आहे. चार दिवस लागले. टाइप केलं की दोन साक्षीदार हवेत.

साक्षीदारांचा एक नियम लोकांना माहीत नसतो आणि त्यापायी मी चांगली चांगली घरं भांडताना पाहिली आहेत. ज्याला मृत्युपत्रात काही दिलेलं आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते, मृत्युपत्रही चालतं, पण त्याला दिलेलं त्याला मिळत नाही. एका सहीत हक्क गेला. तेव्हा सह्यांच्या वेळी पेन गौरांगी आणि कलम सहामधला माणूस या दोघांपासून लांब ठेवावं.

माझे साक्षीदार ठरलेले आहेत. पहिली समोरच्या घरातली सेल्वराणी. तीस वर्षं ती मला इडल्या पाठवते आहे आणि मी तिला पुरणपोळ्या. तिला या कागदात काहीही दिलेलं नाही, त्याचं कारण वरचा नियम. म्हणून माझा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र, मी तिला कालच जिवंतपणी ढकलत नेऊन दिला. दुसरे परीक्षित गुरुजी. ते सोमवार ते शुक्रवार एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधले दोष काढतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. आज एटोबिकोहून येऊन सही करतील आणि जाताना अंतरपाटाची लांबी मोजून घेतील.

कलम ३. सूर्यकांत

माझे पती सूर्यकांत केळवकर यांच्याविषयी कलम घालण्याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

आम्ही चौऱ्याहत्तर साली अमरावतीहून इथे आलो. तो इंजिनियर, त्याला चार महिन्यांत नोकरी लागली. मी एलएल.बी., जिल्हा कोर्टात तीन वर्षं वकिली केलेली, आणि इथे मला कुणी विचारेना. एक बाई मला म्हणाली, "डिअर, तुझ्याकडे कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही." तो एक्स्पीरियन्स मी मग एका डोनटच्या दुकानात मिळवला. चार वर्षं. संध्याकाळी सूर्यकांत माझ्या एप्रनच्या खिशात पुस्तकातली पानं फाडून घालायचा, गिऱ्हाईक नसलं की वाचायला. पुस्तक माझं होतं आणि फाडायचा तो, यावरून आमची भांडणं झाली. पण मी परीक्षा पास झाले. पानं अजून आहेत, साखरेचे डाग पडलेली. ती गौरांगीला.

सूर्यकांतला मी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायचे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं आणि त्याला शेवटपर्यंत आवडलं. निवडणुकीच्या वेळी उणे वीस डिग्रीत तो माझ्याबरोबर दारोदार फिरला. मी बेल वाजवायची आणि त्याने कुत्रा बघायचा, अशी वाटणी होती. त्याने घराचं बेसमेंट एकट्याने स्वतःच्या हातांनी केलं, जमीन, भिंती, दिवे, सगळं. भिंत जराशी तिरकी आहे. दुरुस्त करू नये.

तो जाऊन अकरा वर्षं झाली. गौरांगीला वाटतं मी त्याला विसरले. मी विसरलेले नाही. मी रोज सकाळी त्याच्याशी भांडते, हल्ली तो उत्तरं देत नाही एवढंच. मी पुन्हा लग्न करते आहे ते त्याच्याशी केलेलं लग्न चांगलं झालं म्हणून. वाईट झालं असतं तर या वयात कोण या भानगडीत पडलं असतं?

कलम ४. हातोडे, झगा आणि विधानसभा

कॅनडात न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. टेबलावर हातोडा आपटून "ऑर्डर, ऑर्डर" म्हणणं इथे कधीच नव्हतं. मी न्यायाधीश झाल्यावर हे मी निदान पाचशे लोकांना सांगितलं असेल. तरी मला एकूण सात लाकडी हातोडे भेट मिळाले. मराठी मंडळाने दोनदा दिला, दुसऱ्यांदा शाल आणि नारळासह. नारळ मी हातोड्यानेच फोडला. सातही हातोडे मंडळाच्या स्वयंपाकघराला द्यावेत. अक्रोड चांगले फुटतात.

माझा काळा झगा आणि त्यावरचा लाल पट्टा मंडळाच्या नाटक विभागाला. यमाच्या भूमिकेला कधी नीट कपडेच नसतात.

मंडळाची घटना मी लिहिली, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, आणि जमल्यास एकदा कुणीतरी वाचावी. त्रेसष्ट कलमं आहेत. त्यातलं चौतिसावं, सामूहिक जेवणाला एकाच वेळी चारांपेक्षा जास्त घरांनी बटाट्याची भाजी आणू नये, हे माझ्या हातून झालेलं सर्वांत यशस्वी विधिकार्य आहे. कारण खऱ्या विधानसभेत मला एकही कायदा करता आला नाही.

एक विधेयक मात्र मांडलं होतं. वकिलीच्या सुरुवातीला माझ्या एका अशिलाला, गुरदासपूरकडच्या बाईला, कोर्टात दुभाषा मिळाला नाही. तिच्या नवऱ्याचा भाऊ तिचं म्हणणं सांगायला उभा राहिला आणि त्याने त्याचं स्वतःचंच म्हणणं सांगितलं. तिची मुलं दोन महिने तिच्यापासून लांब राहिली. कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या भाषेत ऐकून घेतलं पाहिजे आणि दुभाषा घरचा नसावा, एवढंच माझं विधेयक होतं. दुसऱ्या वाचनापर्यंत गेलं आणि निवडणूक लागली. पुढे मी न्यायाधीश झाल्यावर माझ्या खोलीपुरता तो कायदा चालवला. दुभाषा येईपर्यंत काम सुरू नाही. वरून दोनदा विचारणा झाली, तुमच्या तारखा इतक्या लांबतात का? मी दोन्ही वेळा सविस्तर उत्तर पाठवलं, हाताने लिहून. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

कलम ५. स्वानंद

माझा चुलत दीर स्वानंद केळवकर, राहणार एटोबिको, पण निवडणुकीच्या वर्षी मुक्काम स्कारबरो, माझ्याच मतदारसंघात. दुसऱ्या निवडणुकीत मी एक्केचाळीस मतांनी पडले. स्वानंदच्या घरात पाच मतं होती आणि त्याच्या हिरवळीवर दुसऱ्या उमेदवाराची पाटी होती. विचारलं तर म्हणाला, "वहिनी, पाटी त्यांनी आधी आणून दिली. नाही कसं म्हणायचं? आय वॉज जस्ट बीइंग पोलाइट."

या सभ्यपणाला पाच मतं माफ केली तरी छत्तीस उरतात, हे मलाही कळतं. तरी मी त्याला तीस वर्षं दिवाळीला कमी गोड करंज्या पाठवल्या. आता मला लग्नाच्या आनंदात राग धरवत नाही, काय करू? म्हणून माझी निवडणुकीतली पाटी, जिच्यावर माझा चष्म्याशिवायचा फोटो आहे, ती मी स्वानंदला देते. अट अशी की त्याने ती एक उन्हाळाभर आपल्या हिरवळीवर लावावी. पाटी मी आणून दिलेली आहे, त्याला नाही म्हणता येणार नाही.

कलम ६. ज्या माणसाला माझं अक्षर लागतं

श्री. नंदन रंगनाथ टिपणीस, वय बहात्तर, मूळचे बडोद्याचे, एकोणीस वर्षं माझ्या कोर्टातले क्लर्क. माझ्या उंच खुर्चीच्या पुढ्यात खाली त्यांचं टेबल. मी मागच्या दाराने आत आले की, आणि काम संपवून निघाले की, ते उभे राहून म्हणायचे, "ऑल राइज," आणि सगळी खोली उभी राहायची. साक्षीदारांना शपथ तेच द्यायचे, आणि माझ्या खरडलेल्या नोंदी वाचून तेच नीट उतरवायचे.

ते मराठी आहेत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि त्यांनाही. पण एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी मराठीचा एक शब्द बोललो नाही. कोर्टात दोघांची खासगी भाषा असणं बरं दिसत नाही, हे न ठरवता दोघांनी पाळलं. मी पंचाहत्तरची झाले, निवृत्तीचा दिवस आला. शेवटचं प्रकरण संपलं, खोली रिकामी झाली. त्यांनी फायली नीट रचल्या, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, आता मराठीत बोललं तर चालेल का?"

मी त्या दिवशी घरी येऊन भाताचा कुकर पाणी न घालता चढवला.

पुढचं साधं आहे. ते एकटे. आई होती, तिला सांभाळण्यात लग्न राहून गेलं, मग आई गेली. दर नोव्हेंबरात माझ्या गाडीला विंटर टायर लावायला यायचे, एप्रिलमध्ये काढायला. मी आत भजी तळायची. यंदा नोव्हेंबरच्या एक तारखेला ते मागच्या डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले. ते म्हणाले, "मॅडम, मी गुडघ्यावर आहेच, आणि पुन्हा उठायला मला वेळ लागेल, तर आत्ताच विचारून घेतो." आणि विचारलं.

मी म्हटलं, "निकाल राखून ठेवते."

ते म्हणाले, "येस, युअर ऑनर," आणि नट आवळायला लागले. तिसरं चाक झालं. चौथ्या चाकाचे तीन नट राहिले होते तेव्हा मी निकाल दिला. त्यांच्या हातातून पाना पडला तो थेट रस्त्यापर्यंत घरंगळत गेला, आणि समोरून सेल्वराणी ओरडली, "एव्हरीथिंग ओके, अरुणा?" एव्हरीथिंग इतकं ओके कधीच नव्हतं. त्यांना मी अजून अहो म्हणते आणि ते मला मॅडम. आम्हाला दोघांनाही घाई नाही.

नंदनरावांना मी पुढील गोष्टी देते. माझी गाडी, तिच्या आठही टायरांसह. भजीची कढई. हाताने लिहिलेल्या माझ्या सगळ्या वह्या, कारण दुसऱ्या कुणाला त्यांचा उपयोग नाही. आणि पुढच्या कलमात लिहिलेला हक्क.

कलम ७. घर

हे कलम गौरांगी आधी वाचेल हे मला माहीत आहे. ती पुस्तकंही शेवटून वाचते.

स्कारबरोचं घर, त्यातलं सूर्यकांतचं बेसमेंट, तिरक्या भिंतीसह, गॅरेज आणि मागची लाल मॅपलची दोन झाडं, हे सर्व मी माझी मुलगी गौरांगी हिला देते. घर तिचं आहे. विकायचं, ठेवायचं, तिची मर्जी. फक्त एक अट. मी आधी गेले, तर नंदनराव हयात असेपर्यंत या घरात राहतील. ते त्यांचं भाड्याचं अपार्टमेंट सोडून इथे येत आहेत. माझ्यामागे वयाच्या कुठल्याशा वर्षी त्यांना खोकी बांधायला लागू नयेत.

गौरांगीला हे पटणार नाही. तिचं म्हणणं मी ऐकलं आहे. "म्हणजे पप्पांच्या घरात एक माणूस राहणार आणि मी काय करायचं, त्याच्या मरणाची वाट बघायची? दॅट्स हॉरिबल, आई. मला तसं व्हायचं नाहीये." यात लोभ नाही, मी रागाच्या भरात एकदा लोभ म्हटलं होतं, ते शब्द मी मागे घेते. तिची भीती खरी आहे. मी खुर्चीत असते तर दोन्ही पक्षांचं म्हणणं बरोबर आहे असं लिहून जेवणाची सुट्टी जाहीर केली असती. पण इथे पक्षकार मीच आहे आणि मला दुसरी वाट सुचलेली नाही. म्हणून अट ठेवते आहे.

कलम ८. किरकोळ

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गौरांगीने करावी. इंग्रजी भाषांतर प्रमाणित अनुवादकाकडून करून घ्यावं. तिने स्वतः करू नये, ती भज्यांचा भाग गाळेल.

माझ्यामागे माझ्याविषयी भाषणं झाल्यास प्रत्येकी तीन मिनिटं. स्वानंदला दोन.

लग्नातली साडी हिरवी आहे. तीच शेवटीही नेसवावी. मधे तिला पुष्कळ वर्षं कपाटात काढावी लागोत.

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं आणि आवडलं.

ठिकाण: स्कारबरो, ऑन्टारियो
दिनांक: गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

अरुणा सूर्यकांत केळवकर
(सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:

साक्षीदार पहिली: सेल्वराणी कंदसामी (सही)

साक्षीदार दुसरा: ~~परीक्षित गुरुजी~~ नंदन रंगनाथ टिपणीस (सही)

सह्यांच्या खाली, पेनाने

सहीनंतर खाली खरडलेल्या आणि सही नसलेल्या ओळींना कायद्यात काडीची किंमत नाही. म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. या ओळी गौरांगीला लागणार नाहीत. नंदनरावांनी तिला वाचून दाखवाव्यात.

गौरांगी अकराला आली. बाहेर बर्फाळ पाऊस, आणि ही उन्हाळी टायरांवर. नंदनरावांनी दारातच तिच्या हातातली किल्ली मागून घेतली. तिचे विंटर टायर सूर्यकांतच्या वेळेपासून आमच्याच गॅरेजात असतात. ते गाडी गॅरेजात घेऊन कामाला लागले. गौरांगी अंगातलं जॅकेट न काढता सूर्यकांतच्या आरामखुर्चीत बसली आणि तिने सातवं कलम आधी वाचलं. मग बाकीचं वाचलं. सूर्यकांतच्या कलमापाशी ती बराच वेळ थांबली. पण वाचून झाल्यावर कागद मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली, "सो ही स्टेज. अँड आय वेट."

तेवढ्यात गुरुजींचा फोन आला. हायवेवर गाडी अडकली आहे, आज येणं शक्य नाही. सेल्वराणी हातात पेन घेऊन बसलेली. माझी सही झाली, तिची झाली, आणि दुसरा साक्षीदार नाही. मी म्हटलं, उद्या करू. गौरांगी म्हणाली, "उद्या मला ऑफिस आहे. मी पुन्हा येईन की नाही माहीत नाही." आणि तिने जॅकेटची चेन वर ओढली.

आमच्या सह्या होण्याआधीपासून नंदनराव गॅरेजच्या दारात उभे होते. हात काळे. त्यांनी सगळं पाहिलं आणि ऐकलं होतं. सिंकपाशी जाऊन त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले, पुसले, टेबलापाशी आले आणि सेल्वराणीच्या हातून पेन घेतलं.

मी ओरडले. "नंदनराव, नाही! तुम्हाला कायदा माहीत आहे!"

"माहीत आहे, मॅडम," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं ऐकलाय." आणि गुरुजींच्या नावावर एक सरळ रेघ मारून त्यांनी सही केली. सुंदर अक्षर आहे त्यांचं.

गौरांगीने माझ्याकडे पाहिलं. "आई, व्हॉट डिड ही जस्ट डू?"

मी म्हटलं, "दुसरं कलम वाच. तुझ्या घरावरचा हक्क सोडला त्यांनी. गाडीही गेली आणि कढईही." मग मला राग आला आणि मी नंदनरावांना सांगितलं की मी उद्या सगळं पुन्हा हाताने लिहीन आणि तुम्हाला परत देईन. ते म्हणाले, "मग मी त्याच्यावरही सही करीन. मला घर नको, मॅडम. मला शनिवार पाहिजे."

नंदनरावांनी पेनाला टोपण लावलं, कागद नीट जुळवले, आणि जुन्या सवयीने, काम संपलं की म्हणायचे तसं, हळूच म्हणाले, "ऑल राइज."

सेल्वराणी गडबडून उभी राहिली. मी उभीच होते. गौरांगी खुर्चीत बसलेली, मांडीवरच्या कागदांच्या जागी आता नुसते हात. मग तिने डोळे पुसले, जॅकेटची चेन खाली ओढली आणि आपल्या बापाच्या खुर्चीतून उठली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही कुठेही जाणार नाही आहात. आय मीन इट. इट्स माय हाऊस अँड आय से सो. माझे टायर्स कोण बदलणार?"

नंदनराव म्हणाले, "अजून एक चाक राहिलंय," आणि गॅरेजात पळाले. या वयात पळाले. त्यांना रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही.

मग गौरांगी माझ्याजवळ आली. "आई, मामाने नक्की काय करायचं असतं? डू आय से समथिंग?"

मी म्हटलं, "काही नाही. फक्त माझ्या मागे उभं राहायचं."

"दॅट्स इट?"

"तेवढंच."